मालेरावाची आई

एकतीस मे जवळ आला की मला भाषणाचं बोलावणं येतं. बी.ए.ला इतिहास होता, बचत गटांचं काम करते आणि माईकसमोर पाय लटपटत नाहीत, एवढ्या भांडवलावर मी अहिल्याबाई होळकरांवर गेली बारा-तेरा वर्षं बोलत आलेय. भाषण आता पाठच झालंय. चौंडीचा जन्म, काशीविश्वेश्वराचं देऊळ, सोमनाथ, गयेचं विष्णुपद, घाट, बारवा, धर्मशाळा, महेश्वरच्या साड्या. पंधरा मिनिटं बोलायचं, टाळ्या, नारळ, चहा, की झालं.

२०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, म्हणून त्या वर्षी कार्यक्रम जरा मोठा होता. तो आटोपून मी पर्स शोधत होते. सतरंज्या गोळा करायला थांबलेली आमच्या गटातली एक बाई जवळ आली. तिचं नाव इथे लिहीत नाही. गटाच्या बैठकीत हप्त्याचे पैसे पुढे सरकवण्यापलीकडे ती कधी बोलत नाही. ताई, अहिल्यादेवींनी आपल्या लेकाला हत्तीच्या पायी दिलं म्हणतात, ते खरं का, असं तिनं विचारलं. मी घाईघाईनं, अगं ती दंतकथा आहे, असं काहीतरी म्हटलं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. मग तो मेला तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं असेल का, असं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सतरंजी झटकायला लागली.

तिचा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. शाळेत असताना पोरांना मारायचा, आता आईला मारतो. मागल्या दिवाळीत त्यानं शेजाऱ्याचा हात मोडला. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे आणि सगळी गल्ली त्याचं खापर तिच्याच डोक्यावर फोडते.

माझ्या पाठ भाषणात मालेरावाचं नावच नव्हतं, हे मला त्या रात्री जाणवलं. अहिल्याबाईंना मुलगा होता, तो राज्यावर बसला आणि लवकर वारला, एवढं एक वाक्य मी पूर्वी म्हणायची. पुढे वेळ कमी पडतो म्हणून तेही गाळलं. मग वाचनालयातून चरित्रं काढली, सर जॉन माल्कमचं जुनं इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले. जे वाचलं ते आज सांगते.

सुरुवात तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरमध्ये, जामखेडजवळचं चौंडी. तिथले पाटील माणकोजी शिंदे. १७२५ साली त्यांच्या घरी ही मुलगी जन्मली. मल्हारराव होळकरांच्या नजरेला पडली आणि आठेक वर्षांची असताना त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, खंडेरावांची बायको होऊन माळव्यात गेली. १७४५ मध्ये मालेराव झाला, तीन वर्षांनी मुक्ताबाई. खंडेराव तापट होते, व्यसनी होते असं चरित्रकार लिहितात. किती खरं, किती तिखटमीठ लावलेलं, देव जाणे. पण बाप रागीट आणि आजोबा सदा मोहिमेवर, अशा घरात मालेराव वाढला एवढं नक्की.

१७५४ च्या मार्चमध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या सती निघाल्या. मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली, आता तूच माझा मुलगा, असं विनवून तिला मागे वळवलं. हा प्रसंग मी भाषणात नेहमी सांगते आणि बायकांचे डोळे भरून येतात. पण तिथेच कुठेतरी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगाही असणार. बाप गेला आणि आईसुद्धा चितेकडे निघाली होती, हे त्याच्या कानावर आलं नसेल का? हा विचार माझ्या मनात इतक्या वर्षांत कधी आला नव्हता.

पुढची बारा वर्षं अहिल्याबाई सासऱ्यांचा उजवा हात होत्या. वसूल, हिशेब, फौजेचा दाणागोटा, सगळं त्या बघत. मल्हाररावांची १७६५ सालची पत्रं आहेत. तोफा घेऊन ग्वाल्हेरकडे जा, दारूगोळ्याची तजवीज कर, अशा सूचना त्यात सुनेला केलेल्या आहेत. १७६१ साली पानिपत झालं आणि त्याच वर्षी सासूबाई गौतमाबाईही गेल्या. म्हणजे नातवाला पोटाशी धरणारं घरातलं वडीलधारं बाईमाणूसही उरलं नाही.

आता इथे एक वाक्य तुमच्या ओठावर येईल, माझ्याही आलं. आई राज्यकारभारात, मग पोराकडे कोण बघणार? मैत्रिणींनो, हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. गटाच्या कामासाठी मी खेड्यापाड्यांत फिरते तेव्हा आमच्याकडे येणारं-जाणारं माणूस सासूबाईंना हटकून विचारतं की मुलांचं जेवणखाण कोण बघतं. माझ्या नवऱ्याला असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. आणि अहिल्याबाईंची मुक्ताबाई त्याच घरात, त्याच आईच्या हाताखाली वाढली. ती शहाणी, प्रेमळ निघाली. तिचं श्रेय मात्र कुणी आईच्या कारभाराला दिलं नाही.

मालेराव कसा होता? माल्कम १८१८ च्या सुमारास माळव्यात कारभार बघायला आला. अहिल्याबाईंना पाहिलेली म्हातारी माणसं तेव्हा हयात होती. त्यांना विचारून विचारून त्यानं लिहिलंय, ते पुस्तक १८२३ साली निघालं. त्यात हा मुलगा बुद्धीनं अस्थिर होता असं येतं. अहिल्याबाई ब्राह्मणांना दानधर्म करत. मालेराव त्या दानाच्या कपड्यांत, जोड्यांत विंचू ठेवायचा. रुपयांनी भरलेल्या भांड्यात विंचू सोडायचा आणि घ्या म्हणायचा. लोभानं हात घातला की डंख बसायचा, आणि तो हसायचा.

आणि आई? आई रडायची. डंख बसलेल्या माणसांसाठी रडायची आणि असा मुलगा आपल्या पोटी आला म्हणूनही रडायची. माल्कमच्या त्या दोन-तीन ओळी मी किती वेळा वाचल्या, सांगता येत नाही. तिचं रडणं दोन्हीकडचं होतं. दुखावलेल्याची बाजू तिला कळत होती आणि दुखावणारा तिचाच होता.

इथे मी माझं एक सांगून टाकते, म्हणजे मला उपदेश करण्याची हौस आहे असं तुम्हाला वाटणार नाही. माझा धाकटा सातवीत असताना त्यानं वर्गातल्या मुलाच्या तोंडावर डबा मारला, त्याचा पुढचा दात पडला. शाळेतून निरोप आला, मी धावत गेले, आणि बाईंच्या समोर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं की माझा मुलगा असं करणारच नाही. तो पलीकडचा मुलगा तोंडाला रुमाल धरून तिथेच बाकावर बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाताचा खर्च आम्ही दिला, माफी मागितली, सगळं झालं. माझा मुलगा पुढे शांत निघाला, ते माझ्या संस्कारांमुळे असं म्हणायची मला आज छाती होत नाही. पण त्या बाकाकडे न पाहिल्याचं अजून टोचतं. अहिल्याबाईंनी त्या दुखावलेल्यांकडे पाहिलं, हे मला म्हणूनच मोठं वाटतं.

१७६६ च्या मे महिन्यात आलमपूरला मल्हारराव वारले. पेशव्यांकडून सुभेदारीची वस्त्रं एकविशीतल्या मालेरावाला आली. म्हणजे ज्याच्या हाती कालपर्यंत विंचू होते, त्याच्या हाती तलवार आणि खजिना आला. अहिल्याबाईंनी तेव्हा पेशव्यांना कळवायला हवं होतं का, की हा मुलगा या गादीला योग्य नाही? मला वाटतं, हवं होतं. पण सासऱ्यांचा वंश, नवऱ्याचं नाव आणि स्वतःचं पोर, या तिन्हींच्या विरोधात एकटीनं तोंड उघडायचं होतं. आपण शाळेतल्या बाईंसमोर उघडत नाही.

नऊ-दहा महिनेच तो सुभेदार होता. त्या अवधीतला प्रसंग असा. कपड्यांवर कशिदा काढणारा एक कारागीर होता. वाड्यातल्या एका दासीशी त्याचं काहीतरी आहे असा संशय मालेरावाला आला आणि त्यानं त्याला ठार केलं. पुढे कळलं की कारागीर निर्दोष होता. कळल्यावर मालेराव कोसळला. पश्चात्तापानं म्हणा, आधीच दुबळ्या असलेल्या मनाला बसलेल्या धक्क्यानं म्हणा, तो भ्रमिष्ट झाला. मेलेल्या कारागिराचं भूत त्याच्या अंगात आलंय असं त्याला वाटू लागलं आणि घरातल्यांनाही वाटू लागलं. आज आपण त्याला मनोविकार म्हणू, जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरकडे नेऊ. ते साल १७६७ होतं.

अहिल्याबाई त्याच्या बिछान्याजवळ बसल्या. रात्रंदिवस बसल्या. आणि त्या बोलत होत्या ते मुलाच्या अंगातल्या त्या मेलेल्या माणसाशी. तू याला सोड, मी तुझं देऊळ बांधीन, तुझ्या बायकामुलांना जहागीर देईन, असं त्या त्याला विनवत होत्या. आणि मुलाच्या तोंडून उत्तर यायचं की मी निरपराध होतो, यानं मला मारलं, मी याचा जीव घेणार. किती दिवस हे चाललं असेल! होळकरांच्या सगळ्या दौलतीची धनीण, आणि खून झालेल्या एका कारागिरापुढे हात जोडून बसलेली. त्यांनी त्याला खोटं पाडलं नाही. तुझंच काहीतरी चुकलं असेल, असं म्हटलं नाही. तो निरपराध होता हे मान्य करूनच त्या मुलाचा जीव मागत होत्या.

तो मिळाला नाही. मालेराव त्याच वर्षी, बाविशीच्या आसपास गेला.

तर हत्तीचं काय? ती गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगतात. इंदूरच्या आडा बाजाराच्या नावाशी जोडून सांगतात ती अशी: मालेरावाच्या रथाखाली वासरू चिरडलं. गाय रस्त्यात बसून राहिली. अहिल्याबाईंनी हुकूम सोडला की याला असाच रथाखाली घाला. सारथी धजेना, म्हणून स्वतः रथावर चढल्या, आणि तीच गाय आडवी आली. गाय आडवी आली म्हणून आडा बाजार. गोष्ट ऐकायला फार चांगली आहे. पण तमिळनाडूत तिरुवारूरला हीच गोष्ट मनुनीती चोळ राजाची म्हणून सांगतात. तोच रथ, तेच वासरू, तीच गाय. न्यायी राजाची ही गोष्ट फार जुनी आहे, ती आमच्या अहिल्याबाईंना येऊन चिकटली.

दुसरी अफवा मात्र इतकी भाबडी नव्हती. आईनंच मुलाला संपवलं असं काही इंग्रज सांगत. माल्कमनं त्याची मुद्दाम, बारकाईनं चौकशी केली आणि त्यात तथ्य नाही, बाई निर्दोष आहेत असं स्पष्ट लिहून ठेवलं. म्हणजे मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी एका परक्या अधिकाऱ्याला ही चौकशी करावी लागली. मालेराव निरपराध माणसाचा खुनी होता, त्याच्याबद्दल कुणाला शंका नव्हती. चौकशी झाली ती आईची.

मला वाटतं, लोकांना यातली मधली जागा सोसत नाही. मुलगा असा निघाला तर आईनं एक तर त्याला पाठीशी घालावं, म्हणजे तिला दोष देता येतो, नाही तर त्याला हत्तीच्या पायी द्यावं, म्हणजे तिची पूजा करता येते. रात्रंदिवस बिछान्याशी बसलेली, मुलासाठी आणि त्यानं मारलेल्या माणसासाठी एकदमच रडणारी बाई भाषणात बसत नाही. माझ्याही बसली नव्हती.

त्याच्यामागे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण तो भाग सगळीकडे मिळतो. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना लहान मूल दत्तक घेऊन कारभार स्वतःकडे ठेवायचा होता. त्यांनी राघोबादादांना बोलावलं. फौज क्षिप्रेपर्यंत आली. अहिल्याबाईंनी बायकांची फौज उभी केली, इतर सरदारांना पत्रं धाडली, आणि बाईशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा अर्थाचं राघोबांना कळवलं. राघोबा समाचाराला आलो म्हणून सांगून मोकळे झाले. माधवराव पेशव्यांनी कारभार बाईंकडेच राहील असा निर्णय दिला. तुकोजी होळकरांकडे फौज आणि महेश्वरला अहिल्याबाई, अशी पुढची अठ्ठावीस वर्षं गेली.

माझं लक्ष त्या अठ्ठावीस वर्षांतल्या एका गोष्टीकडे जातं. त्या रोज उघड्या दरबारात बसत, कुणालाही येऊन गाऱ्हाणं सांगता येई. मंत्री कुणाला टोकाची शिक्षा द्या म्हणून आग्रह धरू लागले की त्या थांबवत. देवानं घडवलेलं मोडताना माणसानं दहादा विचार करावा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय असे. आपल्या प्रत्येक कृतीचा जाब देवापुढे द्यायचाय, ही भावना त्यांच्या मनात कायम होती. दरोडेखोर आणि बंडखोरांच्या बाबतीत त्या कठोरही झाल्या, ते लपवायचं कारण नाही. पण संशयावरून एखाद्याचा जीव घेणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. त्यांच्या न्यायाचं कौतुक करताना हे कुणी जोडून सांगत नाही. पुराव्यानं सिद्ध करता येणार नाही, पण मी आता जोडून सांगते.

मुलगी उरली होती. तिचा मुलगा नथ्याबा तरुणपणी गेला, १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसेही गेले आणि मुक्ताबाई सती निघाली. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी जसं आपल्याला अडवलं तसं अहिल्याबाईंनी तिला अडवून पाहिलं. ती ऐकेना. तुम्हीही आता किती दिवसांच्या सोबती, तुमच्या माघारी मी कुणासाठी जगू, असं तिचं म्हणणं. अहिल्याबाई चितेजवळ उभ्या राहिल्या, दोघांनी त्यांना धरून ठेवलं होतं. नंतर नर्मदेत स्नान करून वाड्यात गेल्या आणि तीन दिवस अन्न घेतलं नाही, कुणाशी बोलल्या नाहीत. १३ ऑगस्ट १७९५ ला त्याही गेल्या.

मुलगी गेल्यावरचे हे तीन दिवस लिहून ठेवलेले आहेत. मालेराव गेल्यावर त्या किती दिवस जेवल्या नाहीत, हे मी वाचलेल्या पुस्तकांत कुठे नाही. आमच्या गटातल्या बाईचा प्रश्न नेमका तिथलाच होता.

एका दुपारी तिच्याकडे गेले. मुलगा घरात नव्हता. वाचलं होतं ते सगळं तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, बरं वाटलं असेल की नाही ते मला सांगता येणार नाही. त्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग खाली बघत म्हणाली की तो रात्री घरी येत नाही त्या दिवशी तिला गाढ झोप लागते, आणि सकाळी उठली की आपण झोपलो कशा, याचीच लाज वाटते. तो कुठे पडला असेल, कुणी मारलं असेल, म्हणून मग ती त्याला शोधत निघते. हे तिनं याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिला जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकाराच्या डॉक्टरांबद्दल सांगितलं. अंगावर हात टाकला तर पोलिसांत जायला मी सोबत येईन, हेही सांगितलं. तिनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला कळलं नाही.

मग तिनं त्या कशिदा काढणाऱ्याच्या बायकापोरांचं विचारलं. जहागीर मिळाली का त्यांना? त्याचं नाव काय होतं? माल्कमच्या पुस्तकात त्याचं नाव नाही, एवढंच मी सांगू शकले. तिला ते बरं वाटलं नाही. असं कसं, नाव तर पाहिजे, असं पुटपुटली.

मी चप्पल घालत होते तेव्हा ती मागून आली. शेजाऱ्याच्या प्लास्टरचे पैसे तिनं थोडे थोडे करून जमवलेत, पण त्यांच्या दारात एकटीला जायचा धीर होत नाही, तर तुम्ही येता का, असं तिनं विचारलं. रविवारी आम्ही दोघी जाऊन आलो.